शिश्नाची कातडी चिकटणे

शिश्नाची पुढची कातडी (अग्रत्वचा) आतल्या बोंडाला चिकटलेली असण्याची अवस्था. नवजात मुलग्यांत ती जवळजवळ सर्वांनाच असते. गर्भात कातडीची आतली बाजू आणि बोंड यांचा थर एकच असतो. जन्मानंतर तो सावकाश सुटत जातो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेअर्डनर यांना १९४९ साली जन्मतः पूर्ण मागे सरणारी कातडी सुमारे ४ टक्के मुलांतच आढळली. डेन्मार्कमधील याकोब ओस्टर यांच्या १९६८ च्या पाहणीत ६-७ वर्षांच्या ६३ टक्के मुलांत चिकटण होती, १६-१७ व्या वर्षी ती ३ टक्क्यांवर आली. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत हा आजार नाही, वाढीचा टप्पा आहे, आणि वाट पाहणे हाच त्यावरचा पहिला उपचार आहे.

कातडी रोज मागे ओढली नाही तर मळ साचून जंतुसंसर्ग होईल, ही पालकांची भीती असते. पण कातडीखाली दिसणारे पांढरे, मऊ दाणे पू नसून सुटलेल्या पेशींचे गोळे असतात. ते आपोआप बाहेर पडतात. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे. उलट ओढाताणीत कातडी फाटते, रक्त येते आणि भरताना पडणाऱ्या व्रणाने खरा फायमोसिस (कातडीचे तोंड कायमचे आवळणे) होऊ शकतो. मागे नेलेली कातडी तिथेच अडकून बोंड सुजले, तर ती तातडीची वेळ असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघरमध्ये झाला. त्याची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात. या तपासणीत चिकटण दिसली, तर पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून सर्जनपर्यंत पोचणे कठीण, मग आरोग्य शिबिरातच सुंता उरकलेली बरी, असा युक्तिवाद होऊ शकतो. अडचण खरी आहे. पण अंतर लांब आहे म्हणून निरोगी कातडी कापण्याचे कारण निर्माण होत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तस्रावासाठीही तेच अंतर तोडावे लागते. मूत्रछिद्र खालच्या बाजूला असेल, तर दुरुस्तीसाठी हीच कातडी लागते. तिथे सुंता करूच नये. घट्ट कातडीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने बीटामेथासोन हे स्टेरॉइड मलम दिवसातून दोनदा, ४ ते ८ आठवडे लावल्यास बहुतेक मुलांना गुण येतो, आणि हा उपचार घरी करता येतो. सुंतेनंतरची बारीक चिकटणही बहुधा आपोआप सुटते. कातडीचा जाड पूल तयार झाला असेल, तरच तो शस्त्रक्रियेने सोडवावा लागतो.

लघवी अडणे, धार फार बारीक होणे, वारंवार सूज व पू, कातडीच्या टोकाला पांढरा कडक व्रण किंवा अडकलेली कातडी दिसल्यास मुलाला डहाणू वा कासा येथील उपजिल्हा रुग्णालयात किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. लघवी पूर्ण बंद झाली किंवा कातडी अडकली, तर ताबडतोब न्यावे. बाकी मुलांची कातडी कोणीही जोर लावून ओढू नये.