रक्ताच्या मूलपेशी आणि डॉ. वैजयंती काळे यांचे संशोधन

मुळशी तालुका म्हटला की जाणत्या मंडळींना १९२१ साली सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नेतृत्वाने गाजलेला धरणाविरुद्धचा सत्याग्रह आठवतो. त्याच तालुक्यात, लवळे येथील टेकडीवर, सिम्बायोसिस विद्यापीठाच्या आवारात मूलपेशींच्या संशोधनाचे केंद्र उभे राहिले आहे. डॉ. वैजयंती काळे यांचे नाव या केंद्राशी निगडित आहे.

मूलपेशी म्हणजे काय? आपल्या शरीरात रोज सुमारे २०,००० कोटी नव्या तांबड्या पेशी तयार होतात. त्या ज्यांच्यापासून निपजतात त्या मोजक्या आदिपेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत राहतात. त्या रक्तपेशींना जन्म देतात आणि स्वतःसारख्या नव्या मूलपेशीही निर्माण करतात. १९६१ साली कॅनडातील टिल व मॅक्‌कलक या शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांनी त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा दिला. १९८८ साली पॅरिसमध्ये नवजात बालकाच्या नाळेतील रक्त वापरून एका आजारी मुलावर पहिले रोपण झाले.

याच सुमारास पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आकारास येत होते. डॉ. काळे यांच्या संशोधनाचा मोठा काळ या संस्थेत गेला. त्यांचा मुख्य प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर कठीण आहे: मूलपेशीने कधी वाढावे आणि कधी विश्रांती घ्यावी, हे कोण ठरवते?

रोपणासाठी मूलपेशी गोठवून ठेवाव्या लागतात. मात्र गोठवताना व वितळवताना अनेक पेशी मरतात. डॉ. ललिता लिमये यांच्यासह त्यांनी २००१ साली दाखविले की, नेहमीच्या द्रावणात ट्रेहॅलोज ही साखर व कॅटालेजसारखे पेशीरक्षक द्रव्य मिसळल्यास पेशी अधिक चांगल्या टिकतात. पुढे २००४ साली त्यांनी टीजीएफ-बीटा-१ या प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे प्रथिन रक्तनिर्मितीस अटकाव करते, असे मानले जाई. अल्प मात्रेत तेच प्रथिन उत्तेजन देते, असे त्यांना आढळले. औषधाप्रमाणेच शरीरातील संदेशांतही मात्रेला महत्त्व असते, हा त्याचा बोध.

२०१८ साली त्यांच्या गटाचे आणखी एक काम प्रसिद्ध झाले. म्हाताऱ्या उंदरांच्या रक्त-मूलपेशी तरुण मज्जेतील आधारपेशींच्या सहवासात ठेवल्या असता त्यांची क्षमता पुन्हा वाढली. आधारपेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून हा लाभ पोचत होता. पेशीलाही शेजार चांगला लागतो, असेच म्हणावयाचे! अर्थात हे प्रयोग उंदरांच्या पेशींवरचे; माणसाच्या उपचारापर्यंतचा मार्ग लांब आहे.

पुण्यातील त्या सेवेनंतर डॉ. काळे यांनी लवळे येथे हेच काम पुढे चालविले.

पालकांनी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूलपेशींच्या नावावर हरएक दुखण्यावर इलाजाच्या जाहिराती होतात आणि आजारी मुलाचे आईबाप कर्ज काढून तेथे धाव घेतात. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे रक्त-मूलपेशींचे रोपण मान्य उपचार ठरविले आणि इतर बहुतेक उपयोग प्रयोगावस्थेतच मानले. थॅलेसेमियासारख्या आजारात योग्य दात्याकडून केलेले रोपण खरोखर जीवनदायी ठरू शकते. म्हणूनच खरे व खोटे ओळखता आले पाहिजे. पैसे भरण्यापूर्वी मोठ्या रुग्णालयातील रक्तविकार-तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, एका प्रश्नामागे किती वर्षे द्यावी लागतात, तेही या उदाहरणातून पाहा. गोठवलेल्या पेशी, एका प्रथिनाची मात्रा, एक सूक्ष्म पिशवी, अशा लहान लहान पावलांनीच ज्ञान पुढे सरकते. आपल्या मुलीही या वाटेने जाऊ शकतात. विज्ञान शाखेकडे त्यांची ओढ असेल तर तिला घरातून बळ मिळावे.