तारेच्या आतल्या आया

सोलापूरचा इतिहास लिहिणारे गिरणीचा भोंगा लिहितात, 1930 चा मार्शल लॉ लिहितात, चार हुतात्म्यांची नावं लिहितात. लिहावीतच. पण याच गावात काटेरी तारेच्या आत माणसांची एक वस्ती होती. सेटलमेंट. तिथल्या बायांनी पोरांना काय सांगून वाढवलं, ते कुणी लिहायचं?

मी त्याच तारेतल्या माणसांचा पणतू. जातीनं कैकाडी. सूतगिरणीत पाळी करतो. शाळा दहावीला सुटली, बाकीचं रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलो.

आधी कायदा बघू. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. 1911 च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्याच्याही मानेवर बसला. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट हे जन्मानंच गुन्हेगार ठरले. गुन्हा केला म्हणून नव्हं, आयेच्या पोटातून आला म्हणून. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर इथं सेटलमेंटी उभ्या राहिल्या. स्टार्ट नावाचा साहेब इलाख्याचा सेटलमेंट ऑफिसर. सोलापूरची वस्ती अमेरिकन मराठी मिशननं चालवली. गिरणीला हात पायजे होते, सरकारला पहारा पायजे होता. दोघांचं जमलं. दिवसा गिरणी, रात्री हजेरी, बाहेर जायचं तर पास.

आणि दोस्तहो, त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. सहा वर्षांवरचं पोर आईबापापासून तोडून सरकारी शाळेत ठेवायचा अधिकार. म्हंजे आयेच्या हक्काची वर्षं सहाच. पुढचं साहेबाच्या मर्जीवर.

माझी आज्जी तारेच्या आत जन्मली. ती म्हणायची, "आमची आय गोष्ट लई घाईनं सांगायची बग. पोरगं कवा नेत्यात काय सांगावं!" ती गोष्ट एका गाढवाची होती. गाढव सोलापुरातून सुटतं, तुळजापूरला जातं, अक्कलकोट करतं, मंगळवेढ्यावरून पंढरपूरला पोचतं. कुठल्या ओढ्याला तरवड दाट, कुठल्या गावात कणग्या खपतात, कुठल्या दारात भाकर मिळते, सगळं त्या गाढवाला ठाऊक. लहानपणी आम्हाला वाटायचं, हसायची गोष्ट आहे. आता कळतं, तो रस्त्याचा नकाशा होता. ज्यांना पास नव्हता त्यांच्या पोरांना आयेनं अख्खा जिल्हा तोंडपाठ करून दिला.

आणि सांगायची ती कैकाडी बोलीत. आमची बोली तमिळच्या घरातली, पारध्यांची गुजरातीच्या जवळची. शाळेत मराठी, हजेरीला साहेबाचा हुकूम. बोली राहिली ती फक्त चुलीपुढं, आयेच्या तोंडात. तिला ना लिपी, ना पुस्तक. गोष्ट थांबली असती तर बोलीही मेली असती.

हे इथंच घडलं असं नाही. ऑस्ट्रेलियात आदिवासींची पोरं अशीच आयांपासून तोडली. 1997 च्या चौकशी अहवालात त्या माणसांच्या साक्षी आल्या, 2008 साली तिथल्या पंतप्रधानानं संसदेत माफी मागितली. आमच्या आयांची साक्ष कुणी घेतली?

मुंबई राज्यात हा कायदा 1949 ला गेला, साऱ्या देशातून 31 ऑगस्ट 1952 ला. देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. 1960 साली पंतप्रधान नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडली. आमचं नाव विमुक्त झालं. पण 1959 लाच सराईत गुन्हेगारांचा कायदा आला होता, आणि पोलिसाच्या डोळ्यातली तार कोण तोडणार? तुरुंगाच्या नियमांतली आमच्यावरची जात्यंध कलमं सुप्रीम कोर्टानं रद्द केली, ती 2024 साली.

सरकारी रजिस्टरात आमच्या आयांचे अंगठे आहेत, शब्द नाहीत. अंगठा घेणारा मोठा झाला, गोष्ट सांगणारी अडाणी ठरली. म्हणून म्हणतो, ज्याच्या घरात अजून एखादी म्हातारी बोलतीय, त्यानं वही काढावी. तिच्याच बोलीत लिहावं, शुद्ध करत बसू नये. बाई एकदा गेली की तिचं दप्तर कुठल्याच कचेरीत सापडत नाही.