पाळी गेल्यानंतरची हार्मोनची गोळी : कुणाला फायद्याची, कुणाला धोक्याची?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत सूतगिरण्या, गारमेंट आणि फाउंड्री आहेत. तिथं शिफ्टला जाणारी पंचेचाळिशीतली बाई अचानक तापते, घामानं भिजते, छाती धडधडते. ती म्हणते, मशीनची गरमी असेल. पण तीच वाफ रात्री घरी पंख्याखालीही येते, झोप मोडते, तेव्हा कारण बहुतेक वेळा शरीरातच असतं. पाळी जायची वेळ आलेली असते.

आमच्या घराघरांत अम्मी, खाला, फुफी हे सगळं गपचूप सोसतात. कुणी डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळीचं नाव काढलं की शेजारीण म्हणते, "कॅन्सर होतो त्यानं." दुसरी म्हणते, "घे की, तरुण दिसशील." दोन्ही अर्धवट आहे. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

पाळी जाणे म्हणजे काय?

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. ४५ च्या आत गेली तर लवकर, ४० च्या आत गेली तर फारच लवकर. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन कमी झाल्यानं अंगात वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते, जागा कोरडी पडते, लघवीला जळजळ होते आणि हाडं ठिसूळ होत जातात.

उपचार कसा असतो?

कमी पडलेलं इस्ट्रोजेन थोड्या प्रमाणात बाहेरून देतात. ते गोळी, कातडीवर लावायची पट्टी किंवा जेल या रूपात मिळतं. एक नियम पक्का लक्षात ठेवा. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होण्याची भीती असते. पिशवी काढलेली असेल तर बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. नुसता कोरडेपणा किंवा लघवीचा त्रास असेल तर त्या जागी लावायचं कमी मात्रेचं क्रीम असतं. ते अंगात फारच थोडं भिनतं.

फायदा काय?

वाफा आणि घाम यांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. झोप सुधारते. हाडांची झीज मंदावते, खुब्याचं हाड मोडण्याचा धोका कमी होतो. मात्र ही तरुण दिसण्याची दवा नाही आणि गर्भ रोखणारी गोळीही नाही.

भीती कुठून आली?

अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात सुमारे १६,६०० बायकांवर दोन हार्मोनच्या एकत्र गोळीची तपासणी चालू होती. तो भाग २००२ मध्ये मधेच थांबवला. वर्षाला १०,००० बायकांमागे स्तनाचा कॅन्सर ८ जणींना आणि पक्षाघात ८ जणींना जास्त आढळला. उलट खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण ५ नं कमी होतं. जगभर बातमी झाली ती फक्त कॅन्सरची.

पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. त्यातल्या बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली होती. पिशवी काढलेल्या ज्या बायकांनी एकटं इस्ट्रोजेन घेतलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, पक्षाघात मात्र वाढला. आज तज्ज्ञांचं मत असं आहे : वय ६० च्या आत, किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत सुरू केलं, त्रास खरा असेल आणि दुसरा मोठा आजार नसेल, तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. त्यानंतर पहिल्यांदा सुरू करणं जोखमीचं.

कुणी घेऊ नये?

- स्तनाचा कॅन्सर झालेला आहे
- पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती
- पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेला आहे
- लिव्हरचा गंभीर आजार आहे
- अंगावरून रक्त जातं आणि कारण समजलेलं नाही

बीपी वाढलेलं असेल तर आधी ते ताब्यात आणावं. वजन जास्त असेल तर डॉक्टर गोळीऐवजी पट्टी किंवा जेल सुचवतात, कारण त्यात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी.

पिशवी काढलेल्या भगिनींनी हे जरूर वाचावं

बीड जिल्ह्यातून दर हंगामाला पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला बायका येतात. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढं आलेल्या पाहणीत तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहाजणींमागे एक. लहान वयात "कटकट गेली" म्हणून पिशवी काढणं आपल्याकडेही नवं नाही.

इथं कळीचा प्रश्न एकच. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले का? काढले असतील तर पाळी जाण्याचा सगळा परिणाम एका झटक्यात सुरू होतो, आणि ४५ च्या आत असेल तर हाडं आणि हृदय दोन्हींना धोका वाढतो. अशा बाईला, मनाई करणारा आजार नसेल तर, पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत हार्मोन देण्याची शिफारस आहे. तिच्यासाठी न घेणं हाच मोठा धोका असू शकतो. ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद शोधा, डॉक्टरांना दाखवा.

आपल्या घरातले दोन सवाल

रमजानमध्ये काय करायचं? दिवसाला एकच गोळी असेल तर सहरी किंवा इफ्तारनंतर घेता येते. फक्त वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध कशापासून बनतं? काही जुन्या गोळ्यांतलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रापासून काढतात. वनस्पतीपासून तयार केलेलं इस्ट्राडिओलही मिळतं. काही कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. मनात शंका असेल तर औषध मधेच बंद करू नका, डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या.

दवाखान्यात जाताना

एमआयडीसीत काम करणाऱ्यांकडे ईएसआयसीचं कार्ड असेल तर ते घरच्यांनाही चालतं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. आधी बीपी, साखर आणि स्तनांची तपासणी करून घ्या. आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता का, तंबाखू किंवा मशेरीची सवय आहे का, हे न लाजता सांगा. उपचार सुरू झाला की वर्षातून एकदा फेरतपासणी हवीच. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळी आणू नका. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगणं आहे. बायको, आई चिडते, रात्री उठून बसते, तेव्हा तिला बोल लावण्याआधी दवाखान्यात घेऊन जा.