शिंगराचं लंगडणं: हाडातल्या पुवाचा इतिहास

शिंगरू लंगडायला लागलं की तबेल्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "घोडीचा पाय पडला असेल." तीन आठवड्यांचं पोर, दिवसभर आईच्या पायांत लुडबुडणारं, त्यामुळे कारण पटतंही. दोन दिवस बांधून ठेवू, उतरेल सूज. आज ज्या रोगाचा इतिहास आपण पाहतो आहोत, त्यात या एका वाक्याने फार नुकसान केलेलं आहे. हाडात किंवा सांध्यात पू धरत असेल, तर नेमके ते दोन दिवसच हातात असतात.

रोग जुना आहे. जर्मन भाषेत त्याचं नावच 'फोलेनलेमे', म्हणजे शिंगराचं लंगडणं. इंग्रज घोडेवाल्यांकडे दोन नावं होती: 'जॉइंट इल', सांध्याचं दुखणं, आणि 'नेव्हल इल', बेंबीचं दुखणं. सुजतो सांधा आणि नाव बेंबीचं! या दुसऱ्या नावात तबेल्यातलं निरीक्षण साठलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात जंतुशास्त्र उभं राहिलं आणि त्याचा अर्थ लागला. ओली नाळ हे जंतूंना रक्तात शिरायचं दार, आणि रक्तातून ते हाडापर्यंत पोचतात. अर्थात नाळ हे एकच दार नव्हे, आतडं आणि फुप्फुसही आहेत. स्वीडनमध्ये मॅग्नुसन यांनी 1923 मध्ये शिंगरांच्या फुप्फुसातून एक जंतू वेगळा काढला. आज त्याला ऱ्होडोकॉकस इक्वाय म्हणतात. तोही फुप्फुसातून निघून पुढे हाडात घर करू शकतो.

पण जंतू सगळ्याच तबेल्यांत असतात. मग एक शिंगरू पडतं आणि शेजारचं उड्या मारतं, असं का? इथे चिकाची गोष्ट येते. आपल्याकडे चीक म्हटला की खरवस आठवतो. शिंगरासाठी मात्र तो जगण्याचा प्रश्न आहे. घोडीच्या वारेची रचना अशी की पोटात असताना आईची प्रतिपिंडं पिलाकडे जवळजवळ जातच नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि आतडं ती आत घेतं फक्त पहिल्या दिवसभरात, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत जास्त. 1977 मध्ये अमेरिकेत मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी स्पष्टच मांडलं की नवजात शिंगरांतल्या बहुतेक संसर्गांच्या आणि मृत्यूंच्या मागे चिकातली प्रतिपिंडं न पोचणं हे कारण आहे. तेव्हापासून रक्त तपासायचं, आणि प्रतिपिंडं कमी असतील तर दुसऱ्या घोड्याचा प्लाझ्मा शिरेतून द्यायचा, ही रीत रुजली. (घोड्याच्या रक्ताचं मोल पुण्या-मुंबईला वेगळं सांगायला नको. पूनावालांच्या स्टडफार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला सीरमसाठी जात, आणि त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.)

आता खुद्द हाडाकडे वळू. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची पातळ चकती असते, हाडाची लांबी तिथे वाढते. पू नेमका तिच्या आसपासच का होतो, याचं उत्तर आलं माणसांच्या दवाखान्यातून. बार्सिलोनाचे शल्यविशारद जोसेप ट्रुएटा स्पेनच्या यादवीनंतर 1939 मध्ये इंग्लंडला आले आणि पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. 1959 मध्ये त्यांनी दाखवलं की हाडाच्या संसर्गाचं रूप वयाप्रमाणे बदलतं, कारण रक्तवाहिन्यांची मांडणी बदलते. चकतीजवळ वाहिन्या वळसा घेतात, रक्त मंदावतं, जंतू तिथे ठाण मांडतात. अगदी तान्ह्या बाळात काही वाहिन्या चकती ओलांडून पलीकडेही जातात.

हाच विचार एल्विन फर्थ यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शिंगरांना लावला आणि वर्गवारी दिली. 'एस' म्हणजे फक्त सांध्याचं अस्तर, 'ई' म्हणजे सांध्याला लागून असलेलं हाडाचं टोक, 'पी' म्हणजे वाढीची चकती. अक्षरं कोरडी वाटतात, पण वैद्याचा हात कुठे जायला हवा ते त्यांनी बदललं. पहिला प्रकार बहुधा अगदी लहान वयात दिसतो. तिसरा काही आठवड्यांच्या, महिन्यांच्या शिंगरात येतो, आणि त्यात सांधा सुजलेला नसूही शकतो. सांध्यातलं पाणी काढून पाहिलं, स्वच्छ निघालं, म्हणून शिंगरू निरोगी ठरवलं, तर चकतीतला पू तसाच राहतो.

मग क्ष-किरण? राँटगेन यांचा शोध 1895 चा, आणि पुढच्याच वर्षी घोड्याच्या खुराची चित्रं घ्यायचे प्रयोग झाले. आमच्या मते मात्र या रोगात क्ष-किरणांनी जितकी मदत केली, तितकीच दिशाभूलही केली. हाडातले साधारण 30 ते 50 टक्के क्षार गेल्याशिवाय फिल्मवर काळा डाग उमटत नाही. त्याला आठवडा, दोन आठवडेही लागतात. 'फिल्म साफ आहे' याचा अर्थ एवढाच की अजून दिसत नाही. म्हणून ताप, रक्तातलं फायब्रिनोजेन, बोटाने दाबल्यावर दुखणारी नेमकी जागा यांना वजन आलं. दहा दिवसांनी पुन्हा फिल्म घ्यायची शिस्त आली. पुढे सी.टी. स्कॅन आला, आणि साध्या फिल्मवर लपलेले खड्डेही दिसू लागले.

उपचारांची गोष्ट पेनिसिलिनपाशी संपली नाही. शिंगरात ई. कोलायसारखे जंतू वारंवार सापडतात, त्यांच्यावर ते फारसं चालत नाही. 1963 मध्ये जेंटामायसिन आलं, पण ते मूत्रपिंडाला जड, आणि आजारी शिंगरू आधीच पाण्याने सुकलेलं. शिवाय हाडाचा मेलेला तुकडा रक्ताविना असतो, तिथे औषध पोचणार कसं? इथे एक जुनी युक्ती कामी आली. ऑगस्ट बीअर यांनी 1908 मध्ये पट्टा आवळून फक्त हात किंवा पाय बधिर करायची पद्धत काढली होती. तोच पट्टा शिंगराच्या पायाला आवळायचा आणि त्याखालच्या शिरेत प्रतिजैविक सोडायचं. थोडं औषध, पण नेमक्या जागी दाट. जोडीला सांधा धुणं, कुजलेलं हाड खरवडणं, आणि पुढे कित्येक आठवडे औषध.

हे सगळं महाग आहे. शर्यतीच्या रक्ताचं शिंगरू असेल तर मालक खर्च करतो, टांग्याच्या घोडीचं असेल तर बहुतेकदा नाही. आणि जंतू गेला तरी चकती एका बाजूने जळली असेल, तर पाय वाढताना वाकडा होतो. ते कळायला काही महिने जातात.

मघाशी विचारलं होतं, नाळेला लावायचं काय. पूर्वी 7 टक्क्यांचं कडक आयोडीन लावत, त्याने कातडी भाजायची. आता बहुतेक ठिकाणी सौम्य क्लोरहेक्सिडीन वापरतात, पहिल्या दिवसात काही वेळा. आणि चीक पोटात गेला का, ते आधी पाहायचं.