यवतमाळमध्ये न झालेले भाषण

१/ जानेवारी २०१९. यवतमाळमध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरत होते. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांचे नाव जाहीर झाले होते. ९१ वर्षांच्या या कादंबरीकार व्यासपीठावर आल्याच नाहीत. त्यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी परत घेतले होते. त्या प्रसंगाचा आणि त्यामागच्या इतिहासाचा हा थ्रेड.

२/ यवतमाळला संमेलनाचा मान दुसऱ्यांदा मिळत होता. यापूर्वी १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे संमेलन भरले होते. २०१९ च्या अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. निवडणूक न होता एकमताने त्यांची निवड झाली होती. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष यांच्यानंतर अध्यक्षपदावर आलेल्या त्या पाचव्या स्त्री.

३/ वाद उद्घाटकांच्या नावावरून पेटला. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्घाटन कशासाठी, हा जाहीर आक्षेप. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी विरोधाचा इशारा दिला. संमेलनाला आठवडाही उरला नसताना, वाद टाळण्याचे कारण सांगून, ‘येऊ नये’ असे सहगल यांना कळवण्यात आले.

४/ पुढे राज ठाकरे यांनीच, सहगल यांच्या येण्याला आपला विरोध नसल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली. आक्षेपाचे जाहीर कारण अशा रीतीने दूर झाले. निमंत्रण मात्र पुन्हा गेले नाही. म्हणूनच खरे कारण भाषा होते की भाषणातील मते, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो.

५/ भाषेचा मुद्दा घेतला तरी सहगल यांचे महाराष्ट्राशी नाते होते. वडील रणजित सीताराम पंडित मराठी कुटुंबातले, संस्कृतचे गाढे अभ्यासक. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ त्यांनी इंग्रजीत आणली. तो अनुवाद १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी वारंवार कारावास भोगला आणि सुटकेनंतर थोड्याच काळात, जानेवारी १९४४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

६/ आई विजयालक्ष्मी पंडित, मामा जवाहरलाल नेहरू, मामेबहीण इंदिरा गांधी. एवढ्यावरून सहगल यांना एका घराण्याच्या प्रवक्त्या समजणे सोपे होते. त्यांचे लेखन आणि आयुष्य मात्र वेगळीच साक्ष देते.

७/ १९७५ मध्ये इंदिरा गांधींनी आणीबाणी लादली, तेव्हा सहगल यांनी त्यांच्या राजवटीला उघड विरोध केला. जनता सरकारने त्यांना इटलीतील राजदूतपदासाठी निवडले होते. १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि ती नियुक्ती रद्द झाली. आणीबाणीच्या पार्श्वभूमीवरील त्यांच्या ‘रिच लाइक अस’ या कादंबरीला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

८/ ऑक्टोबर २०१५ मध्ये तोच पुरस्कार त्यांनी परत केला. नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्या आणि दादरीत जमावाने घेतलेला एका माणसाचा बळी, ही त्यामागची कारणे. राज्यकर्ता नात्यातला असो वा विरोधी विचारांचा, दोघांनाही त्यांनी एकच कसोटी लावली.

९/ यवतमाळसाठी लिहिलेल्या भाषणाचा गाभाही हाच होता. लेखक समाजापासून अलिप्त राहू शकत नाही. न्याय आणि अन्याय यांत त्याला बाजू घ्यावीच लागते. अनेक धर्मांच्या आणि भाषांच्या या देशाला एकाच साच्यात घालू पाहणाऱ्यांना त्यांचा विरोध होता. वडिलांची आठवणही त्या भाषणात होती.

१०/ आता ४४ वर्षे मागे. कराड, १९७५. आणीबाणी चालू असताना ५१ वे संमेलन भरले होते. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, तर अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत. सत्तेच्या उपस्थितीतच दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

११/ ज्या राजवटीविरुद्ध दुर्गाबाई कराडला उभ्या राहिल्या, तिचाच विरोध त्या काळात सहगल दुसऱ्या भाषेत करत होत्या. कराडचा अभिमान बाळगणाऱ्या संमेलनाने यवतमाळमध्ये त्याच वळणाच्या लेखिकेला दार बंद केले. फरक एवढाच की कराडला व्यासपीठ मिळाल्यावर किंमत मोजावी लागली. यवतमाळला व्यासपीठच मिळाले नाही.

१२/ पडसाद तीव्र उमटले. अनेक साहित्यिकांनी संमेलनावर बहिष्कार घातला. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख आणि नव्या अध्यक्ष अरुणा ढेरे या दोघांनीही संमेलनाच्याच व्यासपीठावरून निमंत्रण रद्द करण्याचा निषेध केला.

१३/ उद्घाटन कोणी केले? वैशाली येडे यांनी. त्या यवतमाळ जिल्ह्यातल्याच, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. पांढऱ्या सोन्याचा, म्हणजे कापसाचा हा जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ओळखला जाऊ लागला होता. मागे राहिलेल्या स्त्रीच्या वाट्याला काय येते, ते त्यांनी व्यासपीठावरून मोजक्या शब्दांत सांगितले. वाद टाळण्यासाठी एक आवाज वगळला गेला. त्या जागी आलेला आवाजही व्यवस्थेला प्रश्न विचारणाराच निघाला.

१४/ आणि न झालेले भाषण? ते आधीच आयोजकांकडे पाठवलेले होते. मराठी अनुवादासह ते वृत्तपत्रांत छापून आले आणि समाजमाध्यमांवर फिरले. मंडपातल्या श्रोत्यांपुरते राहिले असते, ते महाराष्ट्रभर वाचले गेले.

१५/ तरीही ‘बंदीमुळे भाषण गाजले’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. सहगल यांच्यामागे नाव होते, वृत्तपत्रे होती, बहिष्कार घालणारे साहित्यिक होते. ज्या लेखकामागे यातले काहीच नाही, त्याचे निमंत्रण रद्द झाले तर कोणाला कळणारही नाही.

१६/ १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी स्वतःहून नाकारले होते. शूद्रातिशूद्रांचे दुःख ज्या सभेला दिसत नाही तिथे जाऊन उपयोग काय, असा त्यांचा आक्षेप होता. तेव्हापासून प्रत्येक संमेलनापुढे हाच प्रश्न उभा आहे : या व्यासपीठावर कोणाला जागा आहे आणि ते ठरवतो कोण? २०१९ मध्ये तो यवतमाळपुढे आला, आणि त्याचे उत्तर संमेलनाने नव्हे, बाहेरच्या धाकाने दिले.