आखाजीला कुठे झोपायचात?

खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. अक्षय्य तृतीया बाकीच्या महाराष्ट्रात सोनं घेण्याचा मुहूर्त असेल. आमच्या शिंदखेड्याकडे ती दिवाळीच्या तोडीची. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं नवी घागर भरली जाते. एवढा मोठा सण नेमका वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत येतो. म्हणून इथल्या पंचाहत्तरीच्या माणसाला ‘१९७८च्या मे महिन्यात किती ऊन होतं?’ असं विचारून उपयोग नाही. ‘थोरलीच्या पहिल्या आखाजीला?’ असं विचारलं, की झोका कोणत्या झाडाला होता इथपासून सगळं निघतं.

गावातल्या उन्हाचा इतिहास लिहायचा तर हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण लेखी पुरावा फार तोकडा आहे. भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा. त्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी असतो. विज्ञानासाठी ते बरोबरच आहे. सगळीकडे एकसारखी पेटी नसेल तर जळगावची तुलना नागपूरशी कशी करणार? पण त्या पेटीत कुणी राहत नाही. पेपरात धुळ्याच्या तापमानाचा जो आकडा छापून येतो तो कृषी महाविद्यालयातल्या केंद्राचा. महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित केंद्रं बसवण्याचा ‘महावेध’ प्रकल्प २०१७ सालचा. शिंदखेड्याच्या एखाद्या गल्लीत, पत्र्याखाली, रात्री अकरा वाजता काय परिस्थिती असते, हे यांतली कुठलीच पेटी सांगत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी शेवटची वर्षं धुळ्यात काढली. १९२६च्या अखेरीस ते गेले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. घरोघर फिरून, वाळवीच्या तोंडातून दप्तरं सोडवणारा हा माणूस. आपल्या विषयाचं दप्तर मात्र कुणाच्या माळ्यावर नाही, ते ओट्यावर बसलेलं आहे.

असा आडवाटेचा पुरावा हवामानाच्या इतिहासाला नवा नाही. फ्रेंच इतिहासकार ल रुआ लादुरी यांनी द्राक्षतोडणीच्या जुन्या तारखांवरून युरोपातले गेलेले उन्हाळे ताडून पाहिले. जपानमध्ये क्योटोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. आपल्याकडे आखाजी आहे. पण तिच्यात एक गोम आहे. २०२३ साली आखाजी २२ एप्रिलला होती, २०२४ साली १० मेला. अठरा दिवसांचं अंतर. ‘त्या आखाजीला गारवा होता’ या वाक्याला तिथीची तारीख केल्याशिवाय काही अर्थ नाही. जेधे शकावली वाचणारे संशोधक जंत्री घेऊन हेच करत आले. मी प्रोग्रामर, त्यामुळे माझी जंत्री म्हणजे पन्नासेक ओळींचा प्रोग्राम, एवढाच फरक. शिवाय सालांना टेकूही द्यावे लागतात: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? टीव्हीवर रामायण लागायचं (१९८७-८८) तेव्हा घरात पंखा होता का?

इतकं करूनही एक वाक्य हटून वाट अडवतं: ‘आमच्या वेळी एवढं ऊन नव्हतं.’ ते खोटं नाही, पण तपासता येत नाही. माणसाला अंश आठवत नाहीत. विशीत भर दुपारी शेतात राबलेलं अंग आणि सत्तरीत खाटेवर पडलेलं अंग ही दोन वेगळी उपकरणं आहेत. उतारवयात तहान लवकर कळत नाही, घामही कमी येतो. तेव्हा ‘किती’ हा प्रश्नच सोडून द्यावा. विचारावं ते असं: आखाजीला कुठे झोपायचात? आणि तिथे झोपणं कधी सोडलं?

याचं उत्तर जुन्या माणसांना नक्की देता येतं, कारण ते घराच्या छपराशी बांधलेलं आहे. खानदेशातलं जुनं घर धाब्याचं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकून ती दाबून घ्यायची. दिवसाचं ऊन त्या मातीत मुरायचं आणि खालच्या खोलीत पोचेपर्यंत रात्र व्हायची. तोवर माणसं वर जाऊन झोपलेली. धाबं हे छप्पर होतं तसं अंथरूणही होतं, हे आपण विसरतो. धाब्याचे उमाळे काढणाऱ्यांनी ते गळतं, दरवर्षी माती मागतं आणि त्यात विंचू निघतात हेही आठवावं. लोकांनी पत्रे घातले ते वेडेपणानं नव्हे. पण पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो आणि त्यावर कुणाला झोपता येत नाही. सिमेंटच्या स्लॅबवर झोपता येतं, पण तो दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रभर परत देतो. म्हणून तर संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, आणि बुराईकाठच्या या गावात उन्हाळ्यात पाणी आठवड्याच्या हिशेबानं मोजलं जातं.

रात्रीचा मुद्दा जुना आहे. ल्यूक हॉवर्ड या हौशी निरीक्षकानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं, की लंडन शहर आणि भोवतालचा मोकळा मुलूख यांच्या तापमानातला फरक दिवसा नगण्य आणि रात्री ठळक असतो. १९९५च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत म्हातारी, एकटी, दारं-खिडक्या लावून घेतलेल्या खोल्यांत राहणारी पुष्कळ होती. त्याच शहरात आधीच्या पिढ्या अशा रात्री बागेत किंवा सरोवराकाठी जाऊन झोपत. जवळचं उदाहरण अहमदाबादचं: मे २०१०मध्ये तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, आणि त्यातून २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा आला. अशा आराखड्यांत वृद्धांचं नाव असतं, ‘जोखमीचा गट’ म्हणून. यादीत नाव घालण्याआधी त्यांना काही विचारावं, हे क्वचितच सुचतं.

विचारण्यापुरतंही थांबू नये. तापमान आणि दमटपणा मोजणारं यंत्र आज काही शे रुपयांत मिळतं. ते कुठे टांगायचं हे इंजिनियरनं ठरवू नये, त्या खोलीत दुपार काढणाऱ्या म्हातारीनं ठरवावं. पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत हात लावू देत नाही, हे तिला माहीत असतं; खाट कुठून कुठे सरकवली आणि का, हेही. नोंदीसाठी नवं अॅप नको. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी आणि तारीख शेजारीशेजारी छापलेल्या असतात, आणि दुधाचा हिशेब लिहायची सवय घराला आहेच. त्याच चौकटीत एक शब्द: आत, ओटा, गच्ची. झोप कुठे लागली तेवढंच. एका उन्हाळ्याच्या अशा नव्वद नोंदी यंत्राच्या आकड्यांशेजारी मांडल्या, तर कोणत्या आकड्याला माणूस खोली सोडतो, हे गल्लीगल्लीचं कळेल. चाळीस अंशांना लाट म्हणायचं की पंचेचाळीसला, या चर्चेपेक्षा नगरपंचायतीला ते जास्त उपयोगी पडेल.

आणि हे घरातल्या बायकांना वेगळं विचारावं. धाब्यावरच्या चांदण्या रात्री सांगतात ते बहुतेक आजोबा. मी आमच्या आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, सासरी ती धाब्यावर कधी झोपलीच नाही. बाप्ये वर, सुना आत, चुलीच्या पलीकडच्या खोलीत. उघड्यावर झोपायची ती फक्त आखाजीला, माहेरी, चार-आठ दिवस. त्यामुळे तिला आठवणाऱ्या सगळ्या आखाज्या गार आहेत. बाकीच्या मे महिन्याबद्दल तिला तोवर कुणी विचारलं नव्हतं.