‘पाठलाग’ आणि डॉक्टर घाणेकर

आज एका जुन्या मराठी बोलपटाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. नाव ‘पाठलाग’, साल १९६४.

आमच्या चुडाव्यात तो पाहिला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. गल्लीत दूरदर्शनचा एकच संच, ओसरी माणसांनी गच्च भरलेली. कोर्टातला खटला ऐन रंगात आला आणि वीज गेली, ती रात्रभर आलीच नाही. मग काय! पूर्णेला बाजारासाठी जाणाऱ्या गाडीतसुद्धा आठवडाभर एकच वाद चालला : ती बाई खरी कोण?

गोष्ट अशी. एका वकिलाची तरुण बायको वारते. पुढे पोलीस एका बाईला गुन्ह्यात पकडतात. चेहरा हुबेहूब त्या बायकोचा. ती म्हणते, मीच यांची पत्नी. वकील म्हणतो, माझी पत्नी माझ्या डोळ्यांदेखत गेली. पण ही बाई घरातल्या अशा आतल्या खुणा सांगते की ऐकणारा चक्रावून जावा. आमची आजी तेवढ्यावरच चिडली. म्हणाली, “नवऱ्याला आपली बायकू वळखू येईना, अन् वकिली कशाची करतंय ते?”

आजीचा प्रश्न साधा नव्हता. कायदा पुरावा मागतो, आणि पुरावा नसला तर खऱ्या माणसालाही ‘मी मीच आहे’ हे सिद्ध करता येत नाही. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी खेटे घालणाऱ्या विधवेला हे वेगळे सांगायला नको.

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी हा चित्रपट केला. ‘लाखाची गोष्ट’, ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ हे चित्रपट त्यांचेच. ‘ऊन पाऊस’मधला म्हातारा मास्तर आपल्यापैकी अनेक शिक्षकांना ठाऊक असेल. हसवणाऱ्या आणि रडवणाऱ्या या दिग्दर्शकाने रहस्यही तितक्याच हुशारीने हाताळले. नायिका भावना. गदिमांची गीते, दत्ता डावजेकरांचे संगीत. आशा भोसले यांचे गाणे तर आजही रेडिओवर लागले की हातातले काम थांबते. त्या वर्षीचे उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक ‘पाठलाग’ला मिळाले.

वकील झाले होते काशिनाथ घाणेकर. हे खरोखरीचे डॉक्टर, दातांचे. १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकातल्या संभाजीने त्यांना घराघरांत पोचवले, आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधल्या लाल्याने तर लोक वेडे झाले. रंगभूमीवर हा माणूस म्हणजे वीज! पण मला विचाराल तर, ‘पाठलाग’मध्ये ही वीज त्यांनी मुठीत धरून ठेवली, त्यातच खरी मौज आहे. समोर बायकोचा चेहरा, आणि तोंडाने मात्र तिला खोटे ठरवायचे. तिथे आवाज चढवून भागत नाही.

फ्रान्समध्ये १९५४ साली जाक बेकर यांनी सोन्याच्या चोरीवर एक गुन्हेपट काढला. त्यात पन्नाशीला टेकलेला झाँ गाबँ असाच कमी बोलतो. चोरीपेक्षा लक्षात राहतात ते दोन थकलेले दोस्त, रात्री खाऊन, दात घासून झोपायला जाणारे. गुन्ह्याच्या गोष्टीत शेवटी माणूसच पाहायचा असतो, हे परांजप्यांनाही ठाऊक होते.

१९६६ साली राज खोसला यांनी हीच कथा हिंदीत ‘मेरा साया’ म्हणून केली, सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन. बरेलीच्या बाजारात हरवलेला झुमका साऱ्या देशाला ठाऊक झाला. मूळ चित्रपट मराठी, हे मात्र आमच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. याचे जरा वाईट वाटते, खोटे कशाला बोला?

घाणेकर १९८६ साली अमरावतीला, नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच गेले.

त्या रात्री राहिलेला शेवट मी पुष्कळ वर्षांनी पाहिला. तो इथे सांगत नाही, न पाहिलेल्यांचा रस जाईल. आजीला मात्र धावत जाऊन सांगितला असता. पण तोवर ती राहिली नव्हती.